दुसरी बाजू राहिलीच की!

अकलूजला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचं हे ठरलेलं आहे. नीरेकाठचा किल्ला, त्यातली शिवसृष्टी, सयाजीराजे पार्क, पलीकडं शंकरनगरचा साखर कारखाना. एवढं सगळं उरकून संध्याकाळची पुण्याची एस.टी. आरामात मिळते. पण पाहुण्याच्या तोंडून चुकून ‘लावणी’ हा शब्द गेला, तर मात्र गाडीचं काही खरं नाही. मग त्याला तात्यांकडं न्यावं लागतं, आणि तात्यांकडं गेलेला माणूस त्याच दिवशी गावाला परतल्याचं आमच्या गल्लीत कुणाच्या ऐकिवात नाही.

तात्या हे नाव आपलं सोयीसाठी. असा एक इसम आपल्याकडं दर दहा-वीस कोसांवर असतो. कुठं तो बापू असतो, कुठं अण्णा, बार्शीकडं गेलात तर मास्तर. जुन्या रेकॉर्डी गोळा करणं हा त्याचा धंदा नव्हे आणि छंदही नव्हे. छंदाला माणूस कधीतरी सुट्टी देतो. त्याला ओळखायला फार वेळ लागत नाही. कुणाच्याही घरी गेलं की बाकीचे खुर्ची बघतात, हा माळा बघतो. दहाव्याला गेला तरी पिंडाला कावळा शिवेपर्यंत कसाबसा दम धरतो आणि मग थोरल्या मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, “म्हातारबाचा फोनो हुता न्हवं का रं एक? कुठाय त्यो आता?” पोराला वाटतं, वडिलांचे जुने स्नेही, आठवणीनं गहिवरलेत. गहिवरलेले असतातच.

तात्यांची सुरुवात स्पीकरवाल्याच्या मागं झाली. साठच्या दशकात लग्न असो, सत्यनारायण असो की इलेक्शन, स्पीकरवाल्याशिवाय गावाचं पान हलत नसे. सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी, पुढं मशिनची पेटी, खांद्यावर कर्णा, आणि पाठीमागं पळणारी दहा-बारा पोरं. त्यांपैकी लिंबावर चढून कर्णा बांधणारं पोर म्हणजे आमचे तात्या. मजुरी काही नव्हती. मोबदला एवढाच, की रेकॉर्ड बदलायला मिळायची. ७८ फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, ते संपलं की उलटायची, चावी द्यायची, पिन बदलायची. एकच पिन घासत राहिली तर तबकडीचं वाटोळं होतं. पिना वाचवायला स्पीकरवाले काय काय करत, हे मात्र तात्या अजून चारचौघांत सांगत नाहीत. धंद्याची अब्रू आहे म्हणतात.

१९६२ साली ‘रंगल्या रात्री अशा’ हा सिनेमा आला. त्यातल्या लावणीला जगदीश खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल आणि सुलोचना चव्हाणांचा आवाज. ती लावणी माळशिरस तालुक्यात पोहोचली आणि तात्या बिघडले. चुलत बहिणीच्या लग्नात रेकॉर्डीचा ताबा त्यांच्याकडं होता. ती बाजू किती वेळा लागली ह्याचा हिशोब कुणी ठेवला नाही, पण भटजी अंतरपाट धरून मंगलाष्टकाला उभे राहिले तरी लिंबावरचा कर्णा नाव-गाव सांगायला तयार नव्हता. शेवटी मुलीच्या मामानं बॅटरीची वायर उपटली आणि परत जाताना तात्यांच्या पाठीत एक लाथ घातली. आपल्या संग्रहातली पहिली नोंद तीच, असं तात्या सांगतात.

तेव्हाची रेकॉर्ड म्हणजे लाखेची. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी घालून केलेली. वजनाला भारी आणि स्वभावाला नाजूक. तिला तीन वैरी. ऊन तिला वाकवतं, उंदीर तिचं पाकीट खातो आणि मेव्हणा तिच्यावर बसतो. तात्यांच्या पहिल्या संग्रहातला बराचसा भाग ह्या तिसऱ्या कारणानं गेला. त्यानंतर त्यांच्या घरी पाहुण्यानं बसायच्या आधी उशी उचलून बघायची अशी पद्धत पडली, ती आजतागायत आहे.

खरं भाग्य उजळलं ते कॅसेट आल्यावर. सत्तरच्या सुमारास ७८ च्या तबकड्या निघणं बंद झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या स्पीकरवाल्यांनी डेक घेतले आणि जुना माल पोत्यात भरला. नातेपुते, वेळापूर, मोडनिंब, करमाळा, जिथं जत्रा तिथं स्पीकरवाला आणि जिथं स्पीकरवाला तिथं आता पोतं. तात्यांना शेतीतून नेमकी त्याच काळात सवड मिळू लागली. सवड म्हणजे ऊस उभा होता, पाळी चुकत होती आणि तात्या एम-एटीवरून मोडनिंबला निघाले होते. येताना मागं पोतं, पोत्यात रेकॉर्डी आणि दोन रेकॉर्डींच्या मधे उसाचं वाळकं पाचट. थर्माकोल आणि बबलवाला कागद लोकांना फार उशिरा सुचला. पाचटातून आलेली त्यांची एकही तबकडी कधी तडकली नाही.

ह्या रेकॉर्डी विकत घेण्याचं एक तंत्र आहे आणि तात्या त्यातले मुरलेले गडी. हवी ती वस्तू कधी हातात घ्यायची नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी नाहीतर रविवारी सकाळी जायचं. पोत्यावर मांडलेल्या ढिगात सुलोचनाबाई दिसल्या की तिकडं पाठ करायची. भजनाच्या रेकॉर्डी उचलायच्या. त्यांच्यावर फुंकर मारायची, कपाळाला लावायच्या, “आमच्या मंडळींचा उपास असतो, त्यांना लागतंय,” म्हणायचं. त्यांचा भाव करायचा, चांगला तासभर. शेवटी उठताना म्हणायचं, “ही एक वरकड पडलीया, टाका ह्यात.” अशा रीतीनं रोशन सातारकर तात्यांच्या घरी आल्या, ‘पिंजरा’ आला, ‘सांगत्ये ऐका’ आला. त्या सिनेमानं पुण्याच्या ‘विजयानंद’ मध्ये अडीच वर्षांच्या आसपास मुक्काम ठोकला होता. तात्यांच्या घरी त्याचा मुक्काम कायमचा.

ह्या तंत्राचा एक परिणाम त्यांच्या हिशोबात नव्हता. भजनं साठली. दर लावणीमागं तीन-चार भजनं, असा तो सौदा. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, काही वर्षं हे गपगुमान बघितलं. मग एका उसाच्या बिलाला, पहिली उचल घरी यायच्या ऐवजी पुण्याच्या बाजारात जाऊन आली तेव्हा, त्यांनी स्वतंत्र कपाट मागितलं. “तुमी माझ्या उपासाच्या नावावर घेतलंय न्हवं हे? मग माझं हाय.” तात्यांना उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून घरात दोन कपाटं आहेत. एका कपाटात तात्यांच्या लावण्या, दुसऱ्यात काकूंचे अभंग. आणि खरं सांगायचं तर गावात मागणी आहे ती दुसऱ्या कपाटाला. आषाढात तुकोबांची पालखी येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं, त्या दिवसांत गल्लीतल्या बायका काकूंकडं रेकॉर्डी ऐकायला बसतात. तात्या पिन बदलून देतात. वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढायला मात्र ते स्वतः पुढं असतात. प्रत्येकाला आग्रहानं वाढतात आणि गाव विचारतात. गाव कळलं की दुसरा प्रश्न, “तुमच्याकडं जुना स्पीकरवाला कोण हुता वो?” विठ्ठलाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला लावणीचा पत्ता विचारणारा हा महाराष्ट्रातला एकटाच गृहस्थ असावा.

तात्यांकडं रेकॉर्ड ऐकणं हा एक विधी आहे. आधी हात धुवायचे. मग ते कपाटाची किल्ली शोधतात, ती काकूंकडं असते. मग रेकॉर्ड बाहेर येते, पण वाजत नाही. तिच्यावर व्याख्यान होतं. सुलोचनाबाईंची असेल तर आधी नावावरून सुरुवात. लग्नाआधी त्या सुलोचना कदम. त्या नावानं हिंदीत गायल्या. लावणी त्यांच्याकडं आली ती अत्र्यांच्या ‘हीच माझी लक्ष्मी’ मध्ये. लावणीसम्राज्ञी ही पदवीही अत्र्यांचीच. आणि पद्मश्री मिळाली ती २०२२ साली, वयाच्या ८९ व्या वर्षी. इथं तात्यांचा आवाज चढतो. “एकुणनव्वद! त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाई गेल्या.” मग सरकारवर दहा मिनिटं. तोवर चहा येऊन गार होतो. पाहुणा घड्याळ बघतो. अखेर पिन टेकते, तीन मिनिटं स्वर्ग, आणि पाहुणा उठायच्या बेतात असताना तात्या त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. “बसा वो. दुसरी बाजू राहिलीच की!”

त्यांच्या एका पुतण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मुलगा पुण्यात हिंजवडीला, आणि त्याला नाद प्रोग्रेसिव्ह रॉकचा. म्हणजे इंग्लंडातली १९७० च्या आगेमागेची पोरं, लांबलचक गाणी, मधेच बासरी, मधेच चर्चचा ऑर्गन, ताल असा की ठेका धरणारा माणूस दोनदा चुकतो. घराण्यातला दोष कुठं जातो? हा पोरगाही महागड्या एल.पी. विकत घेतो आणि बायकोला निम्मी किंमत सांगतो. एका दिवाळीला तो आपला ठेवा काकाला दाखवायला घेऊन आला. पहिलीच किंग क्रिमझनची, १९६९ सालची. कव्हरभर एक लालबुंद चेहरा, तोंड फाडून किंचाळणारा. काकूंनी ती बघितली आणि उलटी करून भिंतीला लावली. “सणासुदीचं ह्ये काय आणलंस बाबा? ह्याची दिष्ट काढा कुणीतरी.”

दुसरी निघाली जेथ्रो टल ह्या मंडळींची, ‘थिक ॲज अ ब्रिक’. सगळ्या रेकॉर्डीवर गाणं एकच. एका बाजूला सुरू होतं, दुसऱ्या बाजूला संपतं. कव्हर म्हणजे अख्खं बारा पानी वर्तमानपत्र. तात्यांनी ते वर्तमानपत्र चष्मा लावून पानापानानं उलटलं, बाजारभाव सापडतात का बघितलं, आणि मग साल विचारलं. १९७२.

“बहात्तर?” तात्या म्हणाले. “म्हंजे आपल्याकडं दुष्काळ. आम्ही खडी फोडत हुतो, मिलो खात हुतो. त्याच साली ‘पिंजरा’ आला. आणि ही पोरं तिकडं बसून असलं करत हुती?”

रेकॉर्ड लावली. तात्या डोळे मिटून बसले. पहिली बाजू चांगली वीस-बावीस मिनिटं चालली. संपल्यावर पुतण्यानं भीत भीत विचारलं, कसं वाटलं. आम्हाला वाटलं आता शिवी येणार. तात्या म्हणाले, “ह्ये बैठकीचं काम हाय.”

मग आम्ही जे ऐकलं ते तात्यांचं आयुष्यभराचं गाऱ्हाणं. बैठकीच्या लावणीत गाणारीण एक ओळ घेते आणि त्या ओळीवर अर्धा तास बसते. प्रत्येक वेळी हात निराळा, भुवई निराळी, अर्थ निराळा. पंढरपूरच्या सत्यभामाबाईंचं नाव त्यासाठी घ्यायचे, वाईच्या यमुनाबाईंना तर त्यासाठी पद्मश्री मिळाली. आणि लाखेच्या तबकडीवर जागा किती? सव्वातीन मिनिटं. म्हणजे बाईनं नमस्कार करून पदर सावरेपर्यंतच बाजू संपायची. जास्त वेळाची एल.पी. निघाली १९४८ साली, तीही अमेरिकेत. आपल्याकडं ती जेव्हा आली तेव्हा तिच्यावर कोण चढलं? शास्त्रीय गाणारे बुवा. लावणीवाली राहिली तीन मिनिटांतच. “ह्या गोऱ्या पोरांना एका गाण्याला दोन्ही बाजू दिल्या कंपनीनं. आमच्या एका तरी बाईला एक अख्खी बाजू द्यायची हुती. मग कळलं असतं बारा पानी पेपर कुणावर काढायचा ते.”

मला रॉकमधलं काही कळत नाही, पण हे गाऱ्हाणं पटलं. सोलापूर जिल्ह्याला हे जास्त लागतं. शाहीर रामजोशी सोलापूरचा. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. ज्या भागात लावणी लिहिली गेली, नाचली गेली, तिथल्या माणसाला ती तीन मिनिटांच्या तुकड्यांतच साठवावी लागली.

म्हणून तर नव्वदच्या दशकात अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा तात्यांना देव भेटला. ढोलकी, पेटी, नऊवारी, समोर जिवंत बाई. गावोगावच्या पार्ट्या यायच्या, आणि घरच्या बायकाही उघडपणे बघायला बसू लागल्या होत्या. तात्या पहिल्या रांगेत असत, कारण त्यांना गाणं साठवायचं होतं. धोतराच्या सोग्याखाली कॅसेटचा टेपरेकॉर्डर. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, सव्वातीन मिनिटांचा सूड घ्यायला निघालेली. घरी येऊन लावली तर तीत काय होतं? पहिल्यांदा शिट्ट्या. मग आणखी शिट्ट्या. त्यातून अधूनमधून ढोलकी. आणि सगळ्यांच्या वर, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, एकाच माणसाचा आवाज: “वा! वा! अगं, मूळ रेकॉर्डवर ही जागा निराळी हाय!” नव्वद मिनिटं हेच. पलीकडून कोणीतरी “ओ म्हातारं, गप बसा” म्हणाल्याचंही स्वच्छ ऐकू येतं. ती कॅसेट त्यांनी पुसली नाही. तिच्यावर स्वतःच्या हातानं लेबल लावलंय, आणि कपाटात ती लावण्यांच्या रांगेतच आहे.

हल्ली पोरं सांगतात, तात्या, सगळं मोबाईलवर आहे, कशाला ही अडगळ? तात्या भांडत नाहीत. मोबाईल मागून घेतात, गाणं लावायला सांगतात आणि विचारतात, “वाजवणारं कोण हाय ह्यात? पेटी कुणाची? साल कोणतं?” पोरगं स्क्रीन खाली-वर करतं. तेवढ्यात जाहिरात येते. तात्या मोबाईल परत देतात. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली, आपल्यासारखे शहाणेसुरते लोकही ह्यात आहेत, हे कळल्यावर तात्या काकूंना म्हणाले होते, “बघ, मुंबईत सोसायटी हाय आमची.” काकूंचं उत्तर असं, “मग तिकडंच ऱ्हावा की.”

आता त्या एका रेकॉर्डीबद्दल. पुण्याच्या सुंदराबाई जाधव लावणी गायच्या, भजनंही गायच्या. ‘एकच प्याला’ च्या पदांच्या चाली बालगंधर्वांना त्यांच्याकडून मिळाल्या. ‘माणूस’ सिनेमात नायकाची आई त्यांनीच केली. त्यांची लावणीची तबकडी चांगल्या स्थितीत मिळावी हा तात्यांचा ध्यास. करमाळ्याच्या एका पोत्यात त्यांना एक तबकडी मिळाली. एका बाजूला लावणी, दुसऱ्या बाजूला भक्तिपद. लेबल उंदरानं असं खाल्लेलं की कंपनीही कळत नाही. आवाज मात्र असा की तात्या दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना वाटतं सुंदराबाई. पण खात्री कशी करणार? आणखी जुनी रेकॉर्ड असती तर काम सोपं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं भरलं, तेव्हापासून काही वर्षं गाणारीण शेवटी स्वतःचं नाव पुकारायची, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगाराला कळायला हवं की ही कोण. ही बाई नाव सांगत नाही. तात्या पिन उचलायच्या आधी दर वेळी दोन क्षण थांबतात, आज तरी सांगेल म्हणून.

पण खरी अडचण ती नाही. ही तबकडी आहे काकूंच्या कपाटात. कारण करमाळ्याच्या स्पीकरवाल्याकडं तात्यांनी, सवयीप्रमाणं, ती भक्तिपदाची बाजू वर धरून घेतली होती आणि घरी आल्यावर तशीच सांगितली होती. काकूंनी ती ताबडतोब अभंगांत लावली. आता तात्यांना ती ऐकायची तर मागावी लागते. काकू देतात, एका अटीवर: आधी देवाची बाजू, मग तुमची. एकादशीला फक्त देवाची.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर, गोठ्यात, बंद पडलेल्या मंडप डेकोरेटरच्या गोदामात लाखेच्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. तो वजनावर घेतो आणि फोडून टाकतो. त्यापेक्षा आपल्या भागातल्या तात्याला निरोप धाडा. एम-एटी अजून चालू आहे, पाचट मुबलक आहे. सौदा करताना एवढंच लक्षात ठेवा. तो भजनाची रेकॉर्ड कपाळाला लावू लागला, की भजनं फुकट द्या आणि खाली उरलेल्या तबकडीची किंमत दुप्पट सांगा. तो कुरकुर करेल, पण देईल.